रस्त्यावरनं उठवायच्या आधी आम्हाला विचारा

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातल्या सगळ्या शेतकरी संघटनांचे पुढारी, हिरव्या शालवाले (रयत संघ), लाल बिल्लावाले (शेतकरी संघटना), आणि दोन्ही नसलेले पण माईक सोडवत नाही असे पण

नमस्कार.

हे पत्र साखर कारखान्याच्या चेअरमनला नाही आणि मुख्यमंत्र्यांना पण नाही. त्यांना दिलेल्या निवेदनांचं काय होतंय ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे, डीसी ऑफिसात शिक्का मारून पोच मिळते, निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो आणि निवेदन जातं कपाटात. तुम्हाला लिहितोय कारण तुमच्या एका हाकेवर आम्ही ट्रॅक्टर काढून चौकात येऊन बसतो. बसवायचं कसं हे तुम्हाला चांगलं जमतंय, त्यात तुमचा हात कोण धरणार नाही. उठवायचं कसं ते मात्र जमत नाही ओ तुम्हाला. आमच्या भागातली आंदोलनं पोलिसांच्या काठीनं कमी मोडली आणि उठवायच्या पद्धतीनं जास्त मोडली, असं माझं स्पष्ट मत आहे. राग आला तर येऊदे, पण वाचा शेवटपर्यंत.

आधी माणूस येतो कशाला ते बघूया. बेंगळूरच्या टीव्हीवाल्यांना वाटतंय की टनामागं दोनशे रुपयांसाठी शेतकरी रस्त्यावर आला. हिशोब घालून बघा की. दीड एकरवाल्याचा साठ टन ऊस धरला तर बारा हजार होतात, त्यातनं डिझेल वजा करा, बुडालेली कामं वजा करा, जनावरांना वैरण घालायला ठेवलेल्या माणसाचा रोजगार वजा करा. आणि मुख्य म्हणजे ते बारा हजार घरात पंख्याखाली झोपलेल्याला पण मिळणारच आहेत, दर वाढला की सगळ्यांचा वाढतो, आंदोलनाला आला होतास का असं काट्यावर कोण विचारत नाही. म्हणजे निव्वळ हिशोबानं बघितलं तर एकानं पण यायला नको. तरी येतात. थंडीत येतात, म्हातारी माणसं येतात, बायका भाकऱ्या बांधून देतात.

येतात ते मान दुखावला म्हणून. वर्षभर ते साठत असतंय. पाळीपत्रकात (ऊसतोडीच्या क्रमाच्या यादीत) नंबर लागलेला असतोय, तरी चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू, आणि त्याच आठवड्यात संचालकाच्या पाहुण्याच्या फडात तोडणीची टोळी उतरते. टोळीला खुशाली द्यायची, ड्रायव्हरला एन्ट्री द्यायची, म्हणजे दोघांना वरचे पैसे, गाडी काट्यावर गेली की आकडा काय येईल ते देवाला माहीत, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलं तर शेती ऑफिसातला पोरगा, जो आपल्या मुलापेक्षा लहान, तो वर बघत पण नाही. आणि एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) म्हणून जो मोठा आकडा पेपरात येतो, 2025-26 ला सव्वादहा टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातनं एवढी साखर निघाली तर, टनाला 3550, तो हातात कधीच येत नाही कारण तोड-वाहतूक त्यातनंच कापतात. चौदा दिवसात पैसे दिले नाहीत तर पंधरा टक्के व्याज द्यायचं असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. ते व्याज बँकेत जमा झालेला शेतकरी मी तरी अजून बघितला नाही.

त्यात आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचे. दूधगंगा-वेदगंगेच्या पलीकडं कोल्हापूर जिल्हा, तीच माती, तेच बेणं, कितीतरी ठिकाणी भावकी पण तीच, आणि पलीकडच्या कारखान्यानं पहिली उचल (बिलाचा पहिला हप्ता) जास्त जाहीर केली की ते व्हॉट्सअॅपवर तासाभरात इकडं पोचतंय. गरिबी माणूस वर्षानुवर्षं सहन करतो. पण मावसभावाला पलीकडं जास्त आणि मला अलीकडं कमी, हे एक रात्र पण सहन होत नाही. त्यामुळं आपल्याकडं आंदोलन पेटवायला भाषण लागत नाही, दोन कारखान्यांची बिलं शेजारी शेजारी ठेवली तरी पुरे.

आता भीतीचं बघा, कारण तिथंच तुमचा आणि आमचा हिशोब वेगळा होतो. चौकात बसलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याकडं बघत असतो. तो बसलाय म्हणून मी बसलोय. मनात एकच भीती असते, आणि ती लाठीची नसते, आपण एकटे मागं राहिलो तर मूर्ख ठरू ही भीती. ऊस उभा आहे, तुरा यायच्या बेताला आहे, खोडव्याची वेळ जायला लागली आहे, पीकेपीएसचं (गावच्या शेती सहकारी सोसायटीचं) कर्ज मार्चमध्ये भरायचं आहे, आणि आंदोलनात पुढं दिसलो म्हणून कारखान्याच्या फिल्डमननं नाव लक्षात ठेवलं तर तोड फेब्रुवारीच्या शेवटी. मोठ्या बागायतदाराला दोन-तीन कारखाने विचारतात, एकरवाल्याला एकच. तरी तो एकरवाला बसतो ते कशाच्या जोरावर, तर तुम्ही उठणार नाही ह्या विश्वासावर. त्याच्याजवळ दुसरं काहीच नाही. आणि तुम्ही तोच विश्वास एका फोनवर खर्च करून टाकता.

एका चौकातलं सांगतो, गाव आणि संघटना सांगत नाही, सगळ्यांना आपापलं आठवेल. संध्याकाळची वेळ, रस्त्यावर तीन दगडांची चूल, भाताचं पातेलं उतरवून ठेवलेलं. साहेबांना फोन आला. साहेब टेंपोच्या मागं गेले, तिथं एक पांढरी बोलेरो आधीपासनं उभी होती. बऱ्याच वेळानं परत आले ते गळ्यात हार घालूनच. माईकवर म्हणाले, आपला विजय झाला! लगेच हलगी सुरू, गुलाल उडाला, पोरं नाचायला लागली, गुलाल कुठनं आला हा प्रश्न मला त्याच वेळी पडला, म्हणजे कुणीतरी दुपारीच आणून ठेवला असणार. माझ्या शेजारी रायबागकडचे एक आजोबा बसलेले, डोक्याला पटका, ते उठून पुढं गेले आणि माईकच्या खाली उभं राहून विचारत राहिले, "एष्ट आत्री? साहेबरं, एष्ट आतु?" म्हणजे आकडा किती झाला ते तरी सांगा. हलगीच्या आवाजात कोण ऐकणार. मग ते आमच्याकडं वळून मराठीत म्हणाले, "बाळा, तुला कळलं काय रं?" मला पण कळलं नव्हतं. आकडा आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळला आणि तो मागितल्यापेक्षा बराच खाली होता. तुटला म्हणून राग नाही, मागितलं तेवढं मिळत नसतंय हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको, बाजारात आयुष्य गेलंय. राग ह्याचा की आमचं नाव घालून सौदा झाला आणि आम्हीच बाहेर. त्या चौकात पुढच्या वर्षी हाक दिली तर किती लोकं आली ते तुम्ही बघितलंच असणार.

हे फक्त आपल्याकडंच होतंय असं नाही. 2017 ला महाराष्ट्रात पुणतांब्यापासनं शेतकरी संप सुरू झाला, 1 जूनला, दूध-भाजी शहराला द्यायची नाही म्हणून. 2 तारखेच्या रात्री काही पुढारी मुंबईला मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर चर्चेला बसले आणि 3 तारखेच्या पहाटे संप मागं घेतल्याचं जाहीर झालं. गावातली माणसं सकाळी उठली तर आपला संप संपलेला! मग काय, गावागावातनं विरोध झाला, संप चालूच राहिला, ज्यांनी मिटवला त्यांच्यावर विकले गेल्याचा शिक्का बसला, आणि महिना संपायच्या आत, 24 जूनला, सरकारला चौतीस हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या कर्जमाफीत किती भोकं होती तो वेगळा विषय. पण पहाटे उठवलेलं आंदोलन लोकांनी परत बसवलं ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

उलटं उदाहरण दिल्लीचं. 19 नोव्हेंबर 2021 ला खुद्द पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन तिन्ही कृषी कायदे मागं घेतो म्हणून सांगितलं. आपल्याकडचा एखादा पुढारी असता तर अर्ध्या तासात गुलाल. तिथली माणसं हलली नाहीत. संसदेत कायदे रद्द होऊदेत म्हणाली, केसेस मागं घ्यायचं काय ते लेखी द्या म्हणाली, मसुदा आला तो वाचला, त्यात खोट काढली, परत पाठवला. 9 डिसेंबरला आंदोलन स्थगित केलं, आणि 11 ला तंबू काढले. दिल्लीच्या वेशीवर सिंघू-टिकरीला बरंच काही वेडंवाकडं पण झालं असेल, मी काय त्यांची आरती ओवाळत नाही, पण वर्षभर थंडी-ऊन काढलेल्या माणसांना शेवटचे तीन आठवडे जड गेले नाहीत कारण काय चाललंय ते त्यांना रोज कळत होतं.

आता आपलं गुर्लापूर. 2025 च्या ऑक्टोबर अखेरीला मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी बसले, टनाला 3500 मागत होते, आणि मान्य करायला पाहिजे की कितीतरी वर्षांत एवढं एकजुटीचं आंदोलन आपल्या जिल्ह्यानं बघितलं नव्हतं. विरोधी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष येऊन रात्रभर बसले, सत्ताधारी पक्षाचे मंत्री समजूत घालायला आले. 7 नोव्हेंबरला बेंगळुरात मुख्यमंत्र्यांनी कारखानदारांना आणि शेतकऱ्यांना बोलावलं आणि सव्वाअकरा टक्के उताऱ्याला, तोड-वाहतूक सोडून, 3300 ठरलं. वाढीतले 50 कारखान्यानं द्यायचे, 50 सरकारनं. त्याच दिवशी हत्तरगी टोलनाक्यावर दगडफेक झाली. आणि शेजारी बागलकोट जिल्ह्यात मुधोळच्या शेतकऱ्यांनी तो आकडा आमचा नव्हेच म्हणून सांगितलं, आणि आठवड्याच्या आत समीरवाडीजवळ उसानं भरलेल्या ट्रॉल्या जळाल्या. आग कुणी लावली ह्यात मी पडत नाही. पण जळालेला ऊस कुणाचा? शेतकऱ्याचाच. आता मला सांगा, आकडा ठरताना मुधोळच्या माणसाला विचारलं असतं, उतारा म्हणजे काय, सव्वादहा आणि सव्वाअकरात फरक काय, तुमच्या कारखान्याचा उतारा किती दाखवतात, हे चौकाचौकात बसून समजावून सांगितलं असतं, तर एवढं टोकाला गेलं असतं काय? मला नाही वाटत.

तुम्ही म्हणणार, बाबा, बोलणं सोपं आहे, हजारो माणसांना विचारत बसलो तर सरकार निघून जाईल, पोलीस चार माणसं घालून सभा उधळतील, ऊस तिकडं वाळतोय. खरं आहे. उसाचं वजन रोज घटतंय हे कारखान्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे, म्हणून तर ते थांबतात आणि आपल्याला घाई होते. पण मी आकडा मतदानानं ठरवा म्हणत नाही. चर्चेला तुम्हीच जा. आमचं मागणं एवढंच की कच्चा कागद घेऊन चौकात या, माईकवर वाचा, रात्रभर राहूदे, सकाळी हात वर करून विचारा आणि मग उठा. एक रात्र. एका रात्रीत ऊस काय काडी होत नाही.

आणि ही एक रात्र तुम्हाला पण राखते, हे तुमच्या लक्षात कसं येत नाही कळत नाही. आपल्या जिल्ह्याचं राजकारण बघा. कुठला कारखाना कुणाचा हे शाळेतलं पोर सांगेल. काँग्रेसवाले आहेत, भाजपवाले आहेत, निवडणुकीत एकमेकांवर चिखल फेकतात आणि गाळप सुरू व्हायच्या आधी एका टेबलावर बसून दर ठरवतात. म्हणजे तुम्ही ज्या खोलीत चर्चेला जाता तिथं सरकार आणि कारखाना अशी दोन माणसं नसतात, बऱ्याच वेळा एकच माणूस दोन्ही खुर्च्यांवर असतो. त्या खोलीत तुम्ही चौघं-पाचजण. चहा येतो, साहेब नाव घेऊन बोलतात, पुढच्या झेडपीला तुमचं बघूया म्हणतात. तुम्ही घेतलं नसलं तरी बाहेर आल्यावर लोकं घेतलं म्हणणारच. "मला चौकात विचारायला पाहिजे" एवढं एक वाक्य तुमच्या खिशात असलं तर खोलीत कुणी कितीबी दाबू दे, तुम्हाला बाहेर यायला वाट आहे.

आता भाषेचं. हे मराठीत लिहितोय म्हणून काही जण आताच तोंड वाकडं करतील, करूदे. सीमाप्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा आहे, 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, आम्ही निषेधाच्या काळ्या फेरीत असतोय, ते लपवायचं कारण नाही. पण उसाच्या चौकात तो काढून सोयीचं राजकारण कोण करतंय बघा. हलगा-मच्छे बायपासला शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, बासमती पिकणारी सुपीक जमीन, पिढ्यानपिढ्याची, तर लगेच सांगितलं गेलं की हे समितीचं (महाराष्ट्र एकीकरण समितीचं) आंदोलन आहे. गोकाक-मुडलगीकडं कन्नड शेतकरी बसला की आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, ते त्यांचं आहे, आपल्याला काय करायचंय. दोन्हीकडं नोटीस तीच, आणि पोलीसव्हॅन पण तीच!

इतिहास तरी आठवा. 21 जुलै 1980 ला नरगुंद-नवलगुंदला गोळीबार झाला, मलप्रभेच्या कालव्याचं पाणी शेवटपर्यंत पोचलं नव्हतं पण सुधारणा कराची वसुली पोचली होती, म्हणून लोकं पेटली होती. ती मलप्रभा उगवते आपल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. नऊ महिन्यांच्या आत, 6 एप्रिल 1981 ला, निपाणीत तंबाखूच्या भावासाठी हायवेवर तीन आठवड्यांहून जास्त बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, बारा माणसं गेली. निपाणी म्हणजे सीमालढ्याचं गाव, पण त्या रस्त्यावरची मागणी तंबाखूच्या भावाची होती. दोन्ही वेळेला मुख्यमंत्री एकच, गुंडूराव, आणि 1983 च्या जानेवारीत कर्नाटकात काँग्रेसची सत्ता पहिल्यांदा गेली त्यात ह्या दोन गोळीबारांचा वाटा नव्हता असं कोण म्हणेल? नरगुंदमधनं हिरवी शाल उभी राहिली, नंजुंडस्वामींचा रयत संघ. निपाणीतनं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आपल्या भागात रुजला. रक्त एकाच राज्याच्या पोलिसांनी सांडलं, आणि पुढं काय? 2 ऑक्टोबर 1989 ला दिल्लीत बोट क्लबवर देशभरच्या संघटना एका मंचावर यायच्या होत्या, तिथं उत्तर प्रदेशचे शेतकरी नेते टिकैत आणि जोशी ह्यांचे लोक मंचावरनंच भांडले. मग डंकेल, म्हणजे जागतिक व्यापार कराराचा मसुदा, आला, जोशी म्हणाले बाजार खुला झाला पाहिजे, नंजुंडस्वामी म्हणाले बियाणं परदेशी कंपन्यांच्या हातात जाईल, आणि दोघांची तोंडं दोन दिशेला गेली. मोठी माणसं होती, मतभेद पण मोठे होते, त्यात चूक-बरोबर मी ठरवणार नाही. पण ज्याचा बाप निपाणीत रस्त्यावर बसला होता त्याला कुणी विचारलं होतं काय, की बाबा तुला डंकेल पाहिजे काय नको?

म्हणून कागद चौकात वाचायचा तो दोन्ही भाषांत वाचा. आपल्याकडं भूसंपादनाची नोटीस येते कन्नडमध्ये, ऊस कराराचा कागद कन्नडमध्ये, खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्याला नातवाला विचारल्याशिवाय आपली जमीन चालली काय राहिली ते कळत नाही. सरकार ऐकत नाही, ते आपण नंतर बघूया. निदान आपल्या संघटनेनं तरी आपल्या माणसाला अंधारात ठेवू नये. आणि कोल्हापूरकडचे पुढारी सभेला येतात त्यांनी पण रायबाग-अथणीच्या माणसासाठी कन्नड बोलणारा एक कार्यकर्ता शेजारी उभा करावा, पलीकडचा माणूस टाळ्या वाजवतोय म्हणजे त्याला कळलं असं नसतंय.

केसेसचं राहिलं. उठताना सगळ्यात आधी विसरतात ते हेच. दगड कुणी मारला माहीत नाही, पण एफआयआरमध्ये नाव असतंय वीस-बावीस वर्षांच्या पोराचं, कारण व्हिडिओत तो पुढं दिसला. तुम्हाला अटकपूर्व जामीन मिळतो, वकील तुमच्या ओळखीचा असतो. तो पोरगा पोलीस भरतीचा फॉर्म भरताना अडकतो, पासपोर्टला अडकतो, वर्षानुवर्षं तारखेला हुक्केरीच्या नाहीतर चिकोडीच्या कोर्टात जाऊन बसतो, आणि त्याच्या घरात पुढच्या वेळी आंदोलनाचं नाव काढलं तर त्याची आई दारात आडवी होते. बरोबरच आहे तिचं. आकड्याच्या आधी केसेसचं लेखी घ्या, ते मिळेपर्यंत एक पण तंबू काढू नका.

हंगामाच्या आधी तुमच्या बैठका लागतील, जयसिंगपूरला ऊस परिषद होईल, इकडं पण मेळावे होतील. त्यात 3500 काय 4000 मागायचं त्यावर भांडा हवं तेवढं. पण पहिला ठराव हा घ्या: चर्चेला जाणाऱ्यांची नावं आधी चौकात जाहीर, कच्चा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये वाचायचा, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची, मग हात वर. ठराव झाला की त्याची एक-एक प्रत गावच्या दूध डेअरीत आणि पीकेपीएसच्या बोर्डावर लावा. बोर्डावर तो कागद दिसला तर आमच्या गल्लीतले ट्रॅक्टर येतील. नाही दिसला तर डिझेल घालायला आम्हाला जरा विचार करायला लागंल.

तुमचाच,
चिकोडी तालुक्यातला एक ऊसवाला